तांबडीची राखण

पूल झाला तशी नावाड्याची होडी काठावर पालथी पडली आणि तो हात चोळत बसला. मग वनखात्याकडून नदीतल्या वाळूच्या बेटावर टिटव्यांच्या अंड्यांची राखण करायचं काम मिळालं. टिटवी घरटं बांधत नाही. वाळूत खळगा करते, चार खडे सरकवते, झाली बाळंतिणीची खोली. अंडी इतकी मातकट की पाय पडेपर्यंत माणसाला दिसत नाहीत. कोल्ह्याला बरोबर सापडतात.

"काय दाजी, बसलात का उबवायला?" मेहुणा पुलावरून ओरडायचा.

"तू ये की बसायला. नाहीतरी रिकामाच असतोस!"

सगळी मदार तांबडीवर. ही कुत्री होडीतच वाढलेली. ती नुसती भुंकली तरी कोल्हा पाण्यात पाय घालत नसे, कावळे खाली उतरत नसत. "माणसांपेक्षा इमानी आहे," असं तो चारचौघांत सांगायचा आणि मुद्दाम बायकोकडे बघायचा.

यंदा पाणी आटलं, बेट एका अंगाने काठाला टेकलं. त्याने हात रक्तबंबाळ करून बेटाभोवती काटेरी कुंपण घातलं. रोज संध्याकाळी तांबडीला आत सोडायचा, फाटकाला काटे लावायचा आणि बिनघोर घरी जायचा. तरी रोज सकाळी एखादा खळगा रिकामा. तो कोल्ह्याच्या सात पिढ्या उद्धरायचा आणि कुंपण आणखी उंच करायचा.

"अहो, ती व्यालीये," भाकर घेऊन आलेली बायको म्हणाली. "होडीखाली पिल्लं लुचून लुचून तिची हाडं वर काढतायत. माशांच्या डोक्यांवर तिचं भागतंय का? एकदा तिचं तोंड बघा."

"आधी तुझं तोंड आवर."

त्यानंतर त्याने बायकोशी बोलणंच टाकलं.

एकदा तो उजाडायच्या आतच गेला. तांबडी शेपूट हलवत सामोरी आली. मिशांना पिवळं चिकटलेलं, त्यावर वाळू. त्याने हात उगारला. तिने तो चाटला. मग त्याने आपल्याच सदऱ्याने तिचं तोंड पुसलं, बायको यायच्या आत, घासून घासून.

एकच खळगा भरलेला होता. वाकून कान दिला तर अंड्याच्या आत टकटक चाललेली. त्याने होडीखालची तांबडीची पिल्लं टोपलीत भरली, तिच्या गळ्यात दोरी घातली आणि सगळ्यांना घरी नेऊन सोडलं. बायकोने टोपलीकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे पाहिलं.

तो धावतपळत परतला. टिटवी डोक्यावर कोकलत घिरट्या घालत होती. भुंकणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून कावळे निवांत खाली उतरले होते. खळग्यापाशी टरफलं पडली होती.

दुपारी भाकर घेऊन बायको आली. फाटकातूनच तिने विचारलं, "आता काय राखताय?"

"कुंपण," तो म्हणाला.