आमच्या पऱ्ह्यात घातलेली गाडी

आमच्या गावचे हिरवे फोटो लाइक करणाऱ्यांनो, आज हेही वाचा.

धानपट्ट्यातल्या डोंगरात, दरीत आमचं गाव आहे. आज दुपारी शहरातल्या चौघांनी फोटोसाठी गाडी थेट आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घातली. रोवणीला, म्हणजे लावणीला, आलेले धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, चाकांखाली चिरडले.

आई धावत गेली. "काऊन घातली रे गाडी? दिसून नाही राहिलं तुमाले?"

"गवतच तर आहे, काकू," एकजण हसला.

आईनं खिडकीतून हात घालून गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. "आता उतरा. आल्या चाकोरीनं ढकलत मागं न्या."

चौघांनी चिखलात उतरून शिव्या देत गाडी ढकलली. रस्त्यावर पोचल्यावर आईनं किल्ली दिली. माफी कोणीच मागितली नाही. अर्धे पऱ्हे गेले, आता एक बांधी पडीक राहणार.

आम्ही कधी तुमच्या स्वयंपाकघरात गाडी घातली का?