टेबलाचे पाय धरलेला वर्ग

बालवर्गाच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत पाठीमागे 'तोफ' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शिपायाशी त्या घंटेवरून भांडत, शेजारच्या वर्गाशी गोंगाटावरून आणि मोठ्या बाईंशी, म्हणजे मुख्याध्यापिकांशी, कशावरूनही. चार वर्षांच्या पोरांपुढे मात्र या तोफेतून फक्त गोष्टी सुटत.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की आपली पृथ्वी भोवऱ्यासारखी गरगर फिरते, आत्तासुद्धा, आपल्याला घेऊन. पोरांनी डोळे विस्फारले, एकमेकांकडे पाहिलं आणि टेबलांचे पाय घट्ट धरले. शाळा सुटली तरी सोडेनात.

मोठ्या बाई तणतणत दारात आल्या.

"फिरत नाही म्हणून सांगा यांना."

"फिरते."

"फाटकाशी पालक माझ्या नावानं ओरडताहेत. सांगताय, की उद्यापासून घरी बसताय?"

तोफेनं टेबलांखालच्या पोरांकडे पाहिलं. घरी बसायचं म्हणजे पोरं नाहीत, आणि पोरं सोडली तर जगात त्यांचं पटत होतं कुणाशी? पण खोटं सांगून उद्या याच पोरांना तोंड कसं दाखवायचं?

"फिरते," त्या पुन्हा म्हणाल्या. "पण ती कुणाला टाकून देत नाही रे. उडी मारली तरी परत ओढून घेते. सोडून बघा."

टेबलाखालून एक शेंबडा आवाज आला, "मग मोठ्या बाईंनी का धरलंय?"

सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या बाईंचा हात दाराच्या चौकटीवर होता.

"मी नुसती टेकलेय."

"आधी तुम्ही सोडा. आणि उडी मारा."

"हे शिकवता होय तुम्ही?"

"मारा की," तोफ थंडपणे म्हणाली. "पालक खोळंबलेत."

मोठ्या बाईंनी चष्मा सावरला, बालवर्गाच्या बाईंकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि उडी मारली. तावदानं खडखडली. पण त्या खाली आल्या, जिथल्या तिथे. पोरांची खात्री पटली. टेबलं सुटली आणि अख्खा वर्ग उड्या मारत फाटकाकडे निघाला.

"उद्यापासून पृथ्वी बंद," मोठ्या बाई धापा टाकत म्हणाल्या. "नुसती फळं शिकवायची. त्यात काही फिरत नाही."

"बरं," बालवर्गाच्या बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "झाडावरून सुटली की खालीच का येतात, तिथून सुरू करते."