बेसूर मंगळवार

आलिक्कोयाच्या गळ्याबद्दल कोळिकोडमध्ये दुमत नव्हतं. कल्लायीच्या वखारीत त्याने तीस वर्षं ओंडके मोजले. करवत तिथेच त्याच्या घशात शिरली, असं लोक म्हणायचे. त्याला स्वतःला मात्र आपण गवई असल्याची पक्की खात्री होती.

दोरखंडाच्या गोदामावरच्या माळ्यावर त्यांचा गाण्याचा क्लब भरायचा. उस्सन पेटी वाजवायचा. गाणारा बेसूर झाला की उस्सन भाता मिटायचा, आणि भाता मिटला की गाणाऱ्याने मुकाट उठून सगळ्यांना सुलैमानी चहा द्यायचा, असा तिथला कायदा. आलिक्कोयाने बावीस वर्षं चहा दिला. उस्सनने एकदा तरी आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच त्याची हाव होती.

निवृत्त झाल्यावर तो आमच्या केंद्रात आला. मी तिथली नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची आम्ही घरोघर जाऊन शुश्रूषा करतो. ऑक्सिजनची नळकांडी उचलायला घेतलेला हा गृहस्थ पेशंटना गाणी ऐकवू लागला. "सिस्टर, यापेक्षा दुखणं परवडलं," एक म्हातारी म्हणाली. पण त्या दिवशी ती पोट धरून हसली आणि तांदळाच्या दोन पत्तिरी, म्हणजे भाकऱ्या, खाल्ल्या, म्हणून मी गप्प बसले.

मग उस्सनला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चार महिने तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाचं बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं, ओळखीचं काहीतरी गाऊन बघा. त्याच्या मुलीने, राबियाने, क्लबातले तीन चांगले गवई आणले. उस्सनने डोळे मिटून मजेत ऐकलं. बोलला मात्र काही नाही.

"आता मी बघतो," आलिक्कोया म्हणाला.

"आलिक्का, त्यांना एक झटका येऊन गेलाय," मी म्हटलं.

ऐकतोय कोण? त्याने लग्नातलं एक जुनं गाणं काढलं आणि दुसऱ्याच ओळीला सपशेल घसरला. उस्सनचं तोंड होतं त्याहून वाकडं झालं. आणि त्याने ती ओळ गाऊन दाखवली. शब्दांसकट, सुरात. राबिया रडायला लागली.

"मी तसंच तर गात होतो," आलिक्कोया म्हणाला.

तेव्हापासून दर मंगळवारी हा बेसूर गायचा आणि तो सुधारून द्यायचा. त्याच चालीवर मी 'पाणी दे', 'उशी सरकव' बसवलं. 'मासा करपलाय' हे उस्सनने स्वतःच बसवलं. पुढे तो शिव्याही सुरात देऊ लागला, सगळ्या आलिक्कोयाला.

एकदा गाडीत आलिक्कोया तेच गाणं गुणगुणत होता. मी चमकले. अगदी सुरेल.

"आलिक्का, हे जमतं तुम्हाला?"

"दोन महिने झाले. इतकी बोलणी खाऊन न जमायला काय झालं?"

"मग तिथे का असं भोकाड पसरता?"

"बरोबर गायलो तर तो बोलेल कशाला, सिस्टर?"

मला त्याची लाज वाटली नाही, हे प्रथमच.

पण शेवटी माणूसच तो. एका मंगळवारी त्याला राहवलं नाही. त्याने गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरात म्हटलं. उस्सन डोळे मिटून ऐकत राहिला, आणि संपल्यावरही त्याने डोळे उघडले नाहीत.

राबिया आतून आली. "आज उप्पा एक शब्द बोलले नाहीत. काय केलंत, आलिक्का?"

"चुकलो, पोरी. पुढच्या वेळी नाही चुकणार."

केंद्र येईपर्यंत तो गाडीत रुमालात तोंड खुपसून रडत होता. इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

पुढच्या मंगळवारी तो पहिल्याच ओळीला घसरला. उस्सनने त्याला गाढव म्हटलं. या वेळी चाल न लावता, साधं, तुम्ही-आम्ही म्हणतो तसं.