देवळीच्या भजनी मंडळाची शिडाची होडी

नित्य भजनाला बसणाऱ्यांच्या गाठी पुण्य किती जमते ते पांडुरंग जाणे. गोष्टी मात्र खात्रीने जमतात. टाळ खाली ठेवल्यापासून प्रसाद हाती येईपर्यंतच्या अवकाशात त्या साठत राहतात. आमच्या देवळीच्या मंडळाकडे पेरणीच्या, सोयऱ्यांच्या आणि एसटीच्या गोष्टी पुष्कळ होत्या. अलीकडे त्यांत समुद्राच्या गोष्टींची भर पडली आहे, आणि त्याला कारण माझा भाचा प्रकाश.

प्रकाश मालवाहू जहाजावर इंजिनियर. एका एकादशीला आरती झाल्यावर त्याने सर्वांसमक्ष सांगितले की, तो जहाजाची नोकरी सोडून एक जुनी शिडाची बोट विकत घेणार, आणि बायको-मुलीसह वर्षभर तिच्यातच संसार करीत समुद्र हिंडणार.

सगळ्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले. मी प्रसंग सावरण्यासाठी म्हणालो की, संतांनी अवघ्या संसारालाच सागर म्हटले आहे, तेव्हा यात भिण्यासारखे काही नाही. त्यावर आमचे मृदंगवादक गुलाबराव शांतपणे म्हणाले, "बुवा, जन्मभर तुमी आमाले भवसागर पार करून देऊन राह्यले. पन तुमी सोता समुद्र कधी पायला का?"

मी यशोदा नदीपलीकडचे पाणी पाहिलेले नव्हते. त्या दिवशी प्रसाद लवकर वाटला.

*

प्रकाशची पत्नी वैशाली देवळीतच शाळेत शिकवते. लग्नानंतरची निम्मी वर्षे तिने नवऱ्याविना काढलेली. त्यांची मुक्ता लहानपणी "बाबा कुठे?" असे विचारले की फोनकडे बोट दाखवी.

वैशालीने नकार दिला नाही, अट घातली. "बोट मी पसंत करीन. तीन बोटी पाहीन. एकही मनाले नाई आली, तं समुद्राचं नाव नोका काढू. नागपूरले नोकरी पाहा."

प्रकाशने ते मान्य केले. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, मला बाजूला घेऊन म्हणाली की, पाहायला तू सोबत जा. मी विचारले, मला बोटीतले काय कळते? ती म्हणाली, "तुले नाई कळत म्हणूनच पाठवून राह्यली. कळनाऱ्याचा मले भरोसा नाई."

*

पहिली बोट गोव्यात होती. गुलाबराव आपण होऊन सोबत आले. अशा बोटीच्या फायबरच्या थरांत पाणी मुरले की ठोकल्यावर आवाज बसका येतो, हे प्रकाशने त्यांना गाडीत सांगितले होते. झाले! गुलाबरावांनी बोटीचे अंग मृदंगासारखे बोटांनी वाजवायला घेतले. पुढून मागे येता येता एके ठिकाणी थांबले, कान लावला, पुन्हा वाजवले आणि प्रकाशकडे पाहून मान हलवली. "गेली. इथं पुरी नासली."

प्रकाशचा चेहरा उतरला. बोटीच्या मालकाने मुकाट्याने आतला कप्पा उघडला आणि तांदळाचे पोते बाहेर ओढले. गुलाबरावांनी पुन्हा थाप दिली. बोट घुमली.

"आता सुरात आली," गुलाबराव म्हणाले.

वैशाली मात्र आत शेगडीपाशी उभी होती. तेथून वर डेकवर खेळणारी मुक्ता दिसत नव्हती. "सैपाक करू का पोरगी पाहू?" एवढेच तिने विचारले. पहिली बोट संपली.

*

दुसरी बोट कोचीला, खाडीत नांगरून ठेवलेली. ती प्रकाशला फार आवडली. शिडे नव्यासारखी, डोलकाठीच्या तारांना गंजाचा ठिपका नाही, इंजिन पहिल्या खटक्यात सुरू.

बहिणीच्या आज्ञेवरून देवघराची जागा मी ठरवायची होती. मी होकायंत्र पाहून देवाचे मुख पूर्वेला येईल असा एक कोनाडा निवडला, पांडुरंगाची लहान मूर्ती ठेवली आणि चहा घ्यायला वर आलो. चहा पिऊन खाली जातो, तो देवाचे मुख दक्षिणेला! मी मूर्ती समोरच्या फळीवर नेली. थोड्या वेळाने पाहिले, पुन्हा दिशा भलतीच. ओहोटी लागली होती आणि बोट आपल्या नांगराभोवती सावकाश फिरत होती, हे मला कोणी सांगितले नाही. मी घामाघूम होऊन मूर्ती हलवीत राहिलो.

शेवटी वैशालीने माझ्या हातातून मूर्ती घेतली. "मामाजी, आज प्रदक्षिणा देवच घालून राह्यले. तुमी बसा."

मग ती स्वतः मुक्तासाठी ठरलेल्या बिछान्यावर आडवी झाली आणि तिने मालकाला हिंदीत विचारले की, वाऱ्याने बोट कलली तर इथे झोपलेले मूल कुठे पडेल? मालक प्रामाणिक होता. त्याने इंजिनकडे पाहिले.

*

परतल्यावर प्रकाश भजनात टाळ एक मात्रा मागे वाजवू लागला. नागपूरच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणेही आले. तिकडे जायचे की समुद्रावर, हे आता उरलेल्या एका बोटीवर होते.

त्या गुरुवारी त्याने देवापुढे फोडण्यासाठी माझ्याकडे नारळ दिला: बोट मिळू दे. घटकाभराने त्याच्या आईनेही दिला: बोट मिळू देऊ नको. दोघांनी मला गुप्ततेची शपथ घातली. मी दोन्ही नारळ एकाच वेळी विठ्ठलापुढे ठेवले, डोळे मिटले आणि फोडले.

दोन्ही गोड निघाले. मंडळाने पोटभर खोबरे खाल्ले. मी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

*

तिसरी बोट रत्नागिरीजवळच्या खाडीत. मालक सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून विकणारे. बोट जुनी, रंग उडालेली. प्रकाशला शिडांवर ठिगळे दिसली आणि तो ती चाचपत राहिला.

वैशालीने या खेपेस एकही प्रश्न विचारला नाही. गॅसची कळ कुठे आहे तेवढे मालकांना विचारले, पिशवीतून तांदूळ आणि डाळ काढली, आणि खाली गेली.

मालकांनी शीड उभारले. खाडीच्या मुखापाशी वारा लागला, बोट एका अंगावर कलली. गुलाबरावांनी कठडा धरला आणि सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. मी नाम घेत होतो. सुकाणू प्रकाशच्या हाती होते. त्याची दृष्टी समोर होती, पण खाली डोकावायचा त्याला धीर होत नव्हता. मुक्ता त्याच्या शेजारी, कमरेचा पट्टा कठड्याला अडकवून बसली होती. मी वाकून पाहिले. शेगडी बिजागऱ्यांवर झुलत होती, त्यामुळे बोट कलली तरी कुकर सरळच होता. वैशालीने एक हात दांडीला धरला होता आणि जिन्यातून तिला मुलगी पायापासून डोक्यापर्यंत दिसत होती.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

धक्क्याला लागल्यावर मालकांनी प्रकाशकडे पाहिले. प्रकाशने जिन्याकडे पाहिले. आतून फक्त ताटांचा आवाज येत होता. बोट पसंत पडली नाही असे समजून मालकांनी मान हलवली, काठी घेतली आणि गुडघा सांभाळीत ते धक्क्यावर उतरले.

तेवढ्यात वैशाली हातात भाताचा डाव घेऊन वर आली.

"भाऊ," ती मालकांना म्हणाली, "आमच्या घरून उपाशी नोका जाऊ."