कावळे आंब्यावर होते

१९ एप्रिल

दिवाळीनंतर या ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही. काहींनी निरोप पाठवून विचारपूस केली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. माफ करा. आजचं मात्र लिहायलाच हवं.

कोकिळेचं गाणं आमच्या पनवेलच्या गॅलरीतही ऐकू येतं. गातो तो काळा नर. ठिपक्यांची मादी गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते; ते पाहायला मी आणि माझा नवरा संजय पहाटे गाडीने निघालो. चौकमार्गे कर्जत, तिथून मुरबाड रस्त्याने कशेळे. रस्ता बरा आहे, वळणांवर टेंपो सांभाळा. चौकच्या पुढे थांबलो तेव्हा लांब कुठेतरी पावशा ओरडत होता, आवाज चढवत चढवत. दिसला नाही. कशेळ्याच्या नाक्यावर मिसळ खाल्ली, दोघांचे दीडशे. पाणी इथूनच घ्या, पुढे दुकान नाही.

गावाबाहेर नदीकाठी मोठा आंबा, त्यावर कावळ्याचं घरटं. खाली घाटावर माणसं बसलेली दिसली. काय चाललंय, हे पाहायचं मला सुचलं नाही. फोनमध्ये नराचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. तो मीच सोबत आणलेल्या छोट्या स्पीकरवर लावला. आसपासचे सगळे कावळे आंब्यावर धावून आले.

"अजून लाव गं," संजय कॅमेऱ्यामागून म्हणाला. "बाईसाहेब येतायत बघ."

मी लावत राहिले. खरा नर चिडून बाहेर आला, कावळे त्याच्या मागे लागले आणि मादी घरट्यात शिरली. फोटो मिळाला. आवाज बंद करून आम्ही घाटाच्या वाटेने परत निघालो.

तिथे दहावा होता. खडकावर पिंड, सगळे लांब बसून आभाळाकडे बघत होते. कावळा शिवत नव्हता.

"बाबा, आईला मी सांभाळीन," थोरला मुलगा हात जोडून म्हणाला. "शिवा आता."

"दारू पण सोडतो म्हण की रं," मागून कोणीतरी बोललं. दोघंतिघं हसले.

उन्हाने वैतागलेला चुलता मुलीकडे वळला. "सुनंदे, तू बोल गं. दादाचा जीव रस्त्याकडच्या जमिनीत अडकलाय."

तिने पिंडाकडे बघून हात जोडले. मग म्हणाली, "बाबा, मला काय नको. हक्कसोडीवर सही करते मी."

आंब्याकडून एक कावळा आला आणि पिंडाला शिवला.

मी बोलायला तोंड उघडलं. संजयने कोपर मारलं. तो कावळा तेव्हा तसाही आला असता का? मला सांगता येणार नाही. पण या शंकेपायी गप्प बसले, असं लिहिलं तर खोटं होईल. सगळे सुटल्यासारखे रडत होते आणि मला भीती वाटली.

"चौकला सोडता काय, ताई?" सुनंदाताईंनीच विचारलं. त्यांचं सासर रसायनीला. मुलाची परीक्षा, बाराव्याला परत येणार होत्या. मागच्या सीटवर त्यांच्या पिशवीला टेकून माझा स्पीकर पडला होता.

कर्जत गेल्यावर त्या बोलल्या. "रस्त्याकडचा तुकडा तुझा, असं बाबाच बोलले होते मला. आजारपणात, माझा हात धरून."

मी नुसती मान हलवली.

"मग कावळा माझ्याच बोलण्यावर कसा आला, ताई? म्हंजी मनातून त्यांना द्यायचा नव्हताच."

संजयने गाडीचा वेग वाढवला. चौकला उतरताना त्या म्हणाल्या, "रसायनीच्या नाक्यावर शिलाईचं दुकान हाय माझं. या कधी ब्लाऊज टाकायला." सही तेराव्यानंतर आहे.

फोटो सुरेख आलाय, मादीचा ठिपका न् ठिपका दिसतो. इथे टाकणार नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, फोन मात्र खिशातच ठेवा. जमीन सोडायची की नाही, ते सुनंदाताई ठरवतील. पण बापाच्या मनात काय होतं, हे त्यांनी माझ्या स्पीकरवरून ठरवलंय.

उद्या : रसायनीला जाऊन सुनंदाताईंना कावळे कुठे होते ते सांगणे.