शेवग्याची मूठ

चाचांना कुठेही लाकूड दिसलं की ते आधी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहत. दुकानाची फळी असो, एस.टी. स्टँडवरचा बाक असो, नाहीतर कोणाच्या घरचा पाट. आमच्या कॉलेजचा फ्रिज दुरुस्त करायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा प्राचार्यांसमोर बसल्या बसल्या त्यांनी टेबलाची कड नखानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "सर, वरून सागाचा कागद आहे, अंदर भुसा आहे." प्राचार्यांनी ते टेबल नुकतंच मोठ्या हौसेनं घेतलं होतं. मी दारातच उभी होते. हसू लपवायला मला प्रयोगशाळेत पळावं लागलं.

संस्थेनं माझी बदली यवतमाळहून उमरखेडला केली होती. नवरा यवतमाळला कचेरीत, मी इथे एका खोलीत. मी पदार्थविज्ञान शिकवायची आणि संध्याकाळ कशी काढायची हे मला कळायचं नाही. दिवसही काही चांगले नव्हते. कापसानं सगळ्या जिल्ह्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. बाजारात दुकानं उघडी असायची, पण गिऱ्हाईक नसायचं. वर्गातली मुलं न सांगता गळायची. सकाळचा पेपर उघडायला हात धजत नसे. चाचा पूर्वी कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. ती जिनिंग बंद पडली, तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत फ्रिज-कुलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांना दम लागायचा. दोन पायऱ्या चढले की थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "एक गठाण रुई अंदर राह्यली, मॅडम. मालकानं नेलीच नाही."

त्यांचे वाडवडील खरादी. पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे करणारे. घरामागच्या पडवीत लाकूड कातायचा तो जुना खराद अजून होता, आणि फ्रिजच्या कामातून वेळ मिळाला की चाचा त्यावर बसत. पण इतर खरादी ज्या लाकडाकडे ढुंकून पाहत नाहीत, नेमकं तेच त्यांना आवडायचं. पांगरा, सावर, सालई, भुंग्यानं पोखरलेला आंबा. एकदा फुलसावंगीचा एक सुतार त्यांच्यासाठी सागाचा चांगला तुकडा घेऊन आला, तर चाचांनी तो हात न लावता परत केला. "सागाले माही काय गरज? तो आपल्या भरवशावर उभा राहते." आणि मऊ लाकडाबद्दल विचारलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नख जाते, म्हणजे अंदर जागा आहे."

त्या जागेत काय भरायचं, हे त्यांना मोटर वाइंडिंगवाल्यांकडून कळलं होतं. मोटरीच्या तारांच्या गुंडाळीला ते लोक एक पातळ रेझिन पाजतात. ते नुसतं ठेवलं तर पातळच राहतं, भट्टीत भाजलं की दगडासारखं होतं. चाचा म्हणाले, तार पिते तर लाकूड काहून नाही पिणार? त्यांनी हॉटेलातला एक मोठा जुना कुकर घेतला, त्यावर ॲक्रिलिकचं जाड झाकण बसवलं, ट्यूबच्या रबराचं वायसर कापलं आणि भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडला, म्हणजे तो कुकरमधली हवा ओढून घेई. आत रेझिनमध्ये लाकडाचा तुकडा बुडवून वर वजन ठेवायचं. कॉम्प्रेसर सुरू झाला की तुकड्यातून बुडबुड्यांच्या माळा निघायच्या. लाकडातली हवा निघाली की तिच्या जागी रेझिन शिरतं, अशी ती सगळी युक्ती. झाकणावर वाकून आम्ही दोघं ते बुडबुडे तासन् तास पाहत असू. संध्याकाळ कशी काढायची हा माझा प्रश्न असा सुटला.

चाची आतल्या खोलीत पलंगावर असायच्या. मी येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला होता. उजवा हात निम्मा गेला होता, बोलणं जवळजवळ सगळंच. त्यांचा पलंग चाचांनी खिडकीशी लावला होता, कारण खिडकीतून त्यांचा शेवगा दिसायचा. तो त्यांनीच लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेला. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या वरणात त्याच्या शेंगा जायच्या. बायका शेंगा तोडायला आल्या की चाची पडल्या पडल्या डाव्या हातानं दाखवायच्या, ही नको, ती घे.

मे महिन्यात एका दुपारी वादळ झालं आणि शेवगा बुंध्यापासून मोडला. चाचींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेले तर चाचा अंगणात बुंध्याचे ठोकळे पाडत होते. शेवग्याचं लाकूड म्हणजे काय, चुलीतसुद्धा कोणी घालत नाही. मी म्हणाले, "चाचा, हे टिकणार नाही. सोडून द्या."

त्यांनी ठोकळ्यात नख दाबलं. अर्धं नख आत गेलं. "हे लाकूड नाही, इस्पंज आहे," ते म्हणाले. "पण तिच्या सुरीले मूठ करून देतो याची. तिले भाजी चिरायची आहे."

"त्या म्हणाल्या?"

"बोलता येते काय तिले? पण शेजारची बाई भाजी चिरायले बसली की हिचा हात चादरीवर चालते. मी पाहून राह्यलो ना रोज."

साध्या सुरीची मूठ चाचींच्या हातातून निसटायची. बोटं पूर्ण मिटतच नव्हती. म्हणून चाचांनी कणकेचा गोळा मळला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. "दाब. जेवढं दाबता येते तेवढं." चाचींनी दाबलं. त्या गोळ्यावर चार बोटांचे उथळ खड्डे उमटले, करंगळीचा तर दिसेल न दिसेल एवढाच. चाचांनी तो गोळा उन्हात वाळवून कडक केला. त्याच मापाची मूठ करायची होती, जाड आणि हलकी.

पहिला तुकडा वाया गेला. हवा ओढताच कुकरमध्ये नुसता फेस झाला आणि भाजल्यावर तुकडा चिकट राहून वाकडा झाला. चूक काय ते मला कळलं. लाकूड ओलं होतं. हवा काढली की आतलं पाणी कमी तापमानालाही उकळतं आणि रेझिनला जागाच देत नाही. मी ठोकळे कॉलेजच्या तराजूवर वजन करू लागले. रोज डब्यातून आणायचे, वजन करायचं, परत चाचींच्या गोल ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवायचे. त्या ओव्हनमध्ये कधीकाळी ईदची नानकटाई व्हायची. "आता याच्यात खायचं काही नाही करायचं," चाचांनी घरात बजावलं. ज्या दिवशी वजन उतरायचं थांबलं, त्या दिवशी चाचांनी तराजूलाच सलाम केला.

दुसरा तुकडाही फसला. वरून छान मधाच्या रंगाचा झाला, पण चिरून पाहिला तर आत पांढरा, कोरडाच. चाचांना त्या दिवशी खोकल्याची उबळ आली होती आणि ठोकळे दोनच उरले होते.

तिसऱ्या वेळी सकाळी कॉम्प्रेसर लावला, बुडबुडे पार थांबले आणि त्याच वेळी वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. कुकरमध्ये हळूहळू हवा शिरली. चाचांना त्या दिवशी दम लागला होता, म्हणून त्यांनी कुकर उघडलाच नाही. लाकूड दिवसभर तसंच बुडून राहिलं. दुसऱ्या दिवशी ते काढून भाजलं आणि एका टोकाची चकती कापली, तर गाभ्यापर्यंत एकच रंग. चाचा ती चकती घेऊन चालत कॉलेजात आले. माझा तास सुरू होता. त्यांनी दारातूनच हात वर केला. "मॅडम, आपण घाई करत होतो! पंप बंद झाल्यावर ते पिऊन राह्यलं असते, अन् आपण त्याले बाहेर काढत होतो. लोडशेडिंगनं शिकवलं मले!" सगळा वर्ग हसला. मी मुलांना म्हटलं, हसू नका, हवेचा दाब म्हणजे काय ते चाचांना विचारा. आणि चाचांनी खरंच फळ्यापुढे उभं राहून दहा मिनिटं सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

मूठ त्यांनी खरादावर केली नाही. कणकेचा वाळलेला गोळा समोर ठेवून चार दिवस कानशीनं घासली. करंगळीचा तो उथळ खड्डासुद्धा त्यांनी सोडला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी चाचींना उशीला टेकवून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, सुरी हातात दिली आणि समोर एक वांगं ठेवलं. बोटं आपापल्या जागी बसली. चाचींनी वांग्यावर सुरी टेकवली, डाव्या हातानं जोर दिला, आणि वांग्याची एक फोड पाटावर पडली. मग आणखी एक. तिसरीला हात थकला. त्यांनी वर पाहिलं, आणि चेहऱ्याची जी बाजू हलायची ती हसली.

मी चाचांकडे वळले, तर ते जागेवर नव्हते. पुढच्या खोलीतून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर कुकर रिकामा होता आणि चाचा त्याच्या झाकणावर वाकून उभे होते, बाहीनं डोळे पुसत. मी परत आत आले. वांगं अर्धं उरलं होतं.

पुढे त्या हातानं रोज थोडी थोडी भाजी चिरली जाऊ लागली. गल्लीतली एक म्हातारी आपली काठी घेऊन आली, कोणी कढईचा दांडा घेऊन आलं. चाचा आधी माणसाचा हात हातात घेऊन बोटं मिटवून पाहायचे, मग लाकूड निवडायचे.

तीन वर्षांनी माझी बदली बाभुळगावला झाली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा चाचा मला दारापर्यंत सोडायला उठले आणि मध्येच खुर्ची धरून थांबले. "मॅडम, तुमी मले 'सोडून द्या' म्हणाल्या होत्या," ते म्हणाले. मला शरमल्यासारखं झालं. ते हसत होते. "अन् मंग रोज वजन करायले येत होत्या. असंच करत जा. तोंडानं 'नाही' म्हटलं तरी चालते."

दोन हिवाळ्यांनंतर त्यांची मुलगी नसीम हिचा नागपूरहून फोन आला. अब्बा गेले म्हणाली, झोपेतच, दम्यानं. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं उमरखेडला गेले. दुकानाचं शटर खाली होतं. नसीमनं मला आत नेलं आणि हळूच सांगितलं, अम्मी कालपासून कोणाकडे बघतही नाही. मी पलंगाच्या काठावर बसले आणि चाचींचा हात हातात घेतला. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले, तसा त्यांनी हात घट्ट धरला. ओठ वाकडे झाले, पुन्हा सरळ झाले, घशात काहीतरी अडलं आणि निघालं.

"खाके जा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांचे मी ऐकलेले ते पहिलेच स्पष्ट शब्द होते. नसीम दारात उभी राहून रडू लागली. मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात ताट घ्यायला गेले.