पट्टीवरच्या खुणा

आमची गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिनात कुणीतरी हातोडी घेऊन बसल्यासारखी ठक-ठक-ठक करायची. मोजून आठ-दहा सेकंद. मग गप्प, जणू काही झालंच नाही. अशा साळसूद माणसांचा मला फार राग येतो. गाड्यांचाही येतो, हे तेव्हा कळलं.

गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली. घेतली ती बाबांच्या डायलिसिससाठी. आठवड्यातून तीनदा किनाऱ्यावरच्या आमच्या दांडी गावाहून पहाटे निघायचं, बोईसरला सहाच्या आत त्यांना मशीनवर पोचवायचं, चार तासांनी घरी आणायचं आणि दुपारच्या पाळीला मी तारापूरच्या कारखान्यात, लॅबमध्ये. आई नाही, बहीण लग्न होऊन लांब गेली. उरले मी. कंपनीने गुजरातच्या प्लांटला बढतीवर बोलावलं होतं, मी नको म्हणाले. कुणी विचारलं की सांगते, समुद्राशिवाय करमत नाही. साफ खोटं. मी अडकले होते, दुसरं काही नाही.

बाबा मशीनवर असताना मी गाडी बोईसरच्या मेकॅनिककडे न्यायची. भला माणूस, मूळचा उत्तरेकडचा. तो चावी फिरवायचा आणि इंजिन, अजून कोमटच असल्यामुळे, शहाण्या मुलीसारखं सुरू व्हायचं.

"मॅडम, आवाज किधर है?"

"सुबह आता है."

"तो रात को गाडी इधर छोड दो. सुबह ठंडी में सुनूंगा."

नेमकं तेवढंच जमण्यासारखं नव्हतं. अंगात पाणी साठलं की बाबांना दम लागायचा, आणि तो वेळ सांगून येत नसे. गाडी नव्हती तेव्हा एकदा मी त्यांना ओट्यावर धरून रिक्षाची वाट बघत बसले होते, आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. तेव्हापासून रात्री गाडी दारात उभी पाहिजे म्हणजे पाहिजे. गाडी ठेवता येत नाही म्हणून दुखणं कळत नाही, आणि दुखणं कळत नाही म्हणून ती वाटेत कधी दगा देईल सांगता येत नाही. रोज चावी फिरवली की मी सेकंद मोजत बसायची.

एका सकाळी ठकठक सुरू झाली आणि मनात आलं, फुटू दे एकदाचं. मग मला कुठेच जावं लागणार नाही. शेजारी बाबा पाण्याची बाटली मांडीवर धरून बसले होते. माझी मलाच लाज वाटली.

शेवटी मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. त्यात आधी शेजारणीचा कोंबडा, मग इंजिन. मेकॅनिकने मोबाइल कानाला लावून तीनदा ऐकलं.

"नीचे से नहीं, ऊपर से आ रहा है. तेल चढने में टाइम ले रहा है."

त्याने बॉनेट उघडून तेल बघायची पट्टी ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. आमचं वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं, आणि काकवीसारखं जाड.

"ये मैंने नहीं डाला, मॅडम. ये तो बोट वाला तेल है."

बोट म्हटल्यावर मला आणखी सांगायची गरज उरली नाही. बाबांचं आयुष्य बोटीवर इंजिन चालवण्यात गेलं. ते जुनं इंजिन तेल प्यायचं, म्हणून बंदरातून निघण्याआधी त्यात तेल ओतल्याशिवाय त्यांनी ते कधी सुरू केलं नाही. बोट विकली, पण तेलाचा कॅन पडवीत राहिला आणि भल्या पहाटे उठायची सवयही राहिली. म्हणजे मी आंघोळीला गेले की बाबा गाडीचं बॉनेट उघडत होते.

जाड तेल काढून नवं भरायला तासभर लागला. बाबांना घेऊन घरी आल्या आल्या मी कॅन उचलून माळ्यावर टाकला. इतके दिवस माझा जीव टांगणीला लावला होता तो घरातल्याच माणसाने, याचा संताप आवरत नव्हता.

पुढच्या खेपेला चावी फिरवली. आवाज नाही. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले.

"तेल काडलंस?"

"काढलं. बाबा, ही बोट नाय. जास्त तेलाने बिघडते ही. कशाला ओतत होतास?"

बाबांनी मांडीवरची बाटली थोडी हलवली. दिवसभराला तेवढंच पाणी. मीच भरते, आणि किती ते चुकू नये म्हणून बाहेरून पेनाने रेघ मारून ठेवते.

"मला तू मापून देतंस. म्हटलं, हिला तरी पोटभर पिऊ दे."

राग कुठे गेला कळलं नाही. उशीर होत होता, तरी मी इंजिन बंद केलं, बाबांना हात धरून उतरवलं आणि बॉनेट उघडलं.

"आजपासून हे तुझं काम. रोज सकाळी पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हाय का बघायचं."

"ओतायचं नाय?"

"नाय."

"नुस्तं बघायचं?"

"नुस्तं बघायचं."

बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने पट्टी पुसली, आत घातली, काढली आणि दारातल्या दिव्याच्या उजेडात धरली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग काखेत धरलेली पाण्याची बाटली वर करून तिच्यावरची रेघही त्यांनी बघून घेतली.